संस्थाप्रमुखांचं हसू फोटोत चिकटवल्यासारखं का दिसतं? छायाचित्र, चित्रित संदेश आणि पत्रकार परिषद यांसाठी सल्ला हवा

शब्दांकित

संस्थेच्या प्रमुखांच्या तीन गोष्टी लवकरच लोकांसमोर जायच्या आहेत: संकेतस्थळ आणि अहवालासाठी अधिकृत छायाचित्र, दोन मिनिटांचा चित्रित संदेश, आणि एक पत्रकार परिषद. पत्रकार परिषदेत काही विभाग बंद होत असल्याचं जाहीर करायचं आहे.

अडचण हसण्याची आहे. जुन्या फोटोंपैकी निम्म्यांत हसू चिकटवल्यासारखं दिसतं. उरलेल्यांत ओठ मिटलेले आणि एकच कोपरा वर, त्यामुळे तोरा असल्यासारखं वाटतं. समोरासमोर बोलताना मात्र चेहरा छान मोकळा असतो. प्रश्न असे:

१) खरं हसू आणि तोंडदेखलं हसू यांत चेहऱ्यावर नेमका काय फरक असतो? ‘डोळे हसले पाहिजेत’ म्हणजे काय व्हायला हवं?
२) दात दिसावेत की नाही?
३) वाईट बातमी सांगताना दडपणाने येणारं हसू कसं आवरायचं?
४) सरावाने हे सुधारतं, की सरावाने आणखी खोटं वाटायला लागतं?

---

मुखवाचक

पहिल्या प्रश्नाला थोडं सविस्तर उत्तर देतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

हसण्यात दोन स्नायू महत्त्वाचे. एक गालाच्या हाडापासून निघून तिरका ओठांच्या कोपऱ्यापर्यंत येतो आणि कोपरा वर व मागे ओढतो. हा आपल्या हुकमतीत असतो. दुसरा डोळ्याभोवतीचा वर्तुळाकार स्नायू. त्याचा बाहेरचा पट्टा आवळला की गाल वर सरकतात, खालच्या पापणीखाली फुगवटा येतो, डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या पडतात आणि भुवई व पापणी यांच्यामधली कातडी किंचित खाली उतरते. ‘डोळे हसणं’ म्हणजे हे एवढंच. फ्रेंच डॉक्टर ड्युशेन यांनी चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचे सौम्य झटके देऊन त्यांचा अभ्यास केला आणि १८६२ मध्ये तो छायाचित्रांसह छापला. हा फरक त्यांनीच पहिल्यांदा नीट मांडला. म्हणून अशा हसण्याला आजही ‘ड्युशेन हसू’ म्हणतात. पुढे १९७८ मध्ये पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीसन यांनी चेहऱ्याच्या प्रत्येक हालचालीला क्रमांक देणारी पद्धत तयार केली. तीत ओठांचे कोपरे वर जाणं म्हणजे १२ आणि गाल उचलले जाणं म्हणजे ६. तोंडदेखलं हसू म्हणजे नुसता १२. मोकळं हसू म्हणजे ६ आणि १२ एकत्र.

आता इथे बहुतेक जण एक चूक करतात. कडेच्या सुरकुत्या दिसल्या की हसू खरं, असं धरून चालतात. तसं नाही. तोंड भरून मुद्दाम हसलं तरी गाल वर ढकलले जातात आणि सुरकुत्या आपोआप पडतात. त्यापेक्षा भुवईखालची कातडी बघा. नुसते गाल ढकलले गेल्याने ती खाली येत नाही, त्यासाठी डोळ्याचा स्नायूच आवळावा लागतो. आणि ही खूणसुद्धा अंतिम पुरावा नव्हे. बऱ्याच लोकांना ड्युशेन हसू हवं तेव्हा आणता येतं, असं २००९ आणि २०१३ च्या अभ्यासांत दिसून आलं आहे.

माझ्या मते आकारापेक्षा वेळ जास्त बोलते. आतून आलेलं हसू साधारण पाऊण सेकंद ते चार सेकंद टिकतं. ते हळूहळू चढतं, सलग चढतं आणि तसंच उतरतं. खोटं वाटणारं हसू एकदम उमटतं, पठारासारखं सपाट राहतं आणि दिवा मालवल्यासारखं जातं. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण खटकतं ते हेच. फोटोत वेळ दिसत नाही असं वाटेल, पण दिसते: पाच-सहा सेकंद हसू धरून ठेवायला लावलं की डोळ्यांभोवतीचा ताण आधी सैल पडतो आणि ओठ तसेच ताणलेले राहतात. तुमच्या ‘चिकटवलेल्या’ फोटोंपैकी बरेचसे असे उशिरा टिपलेले असणार.

आपल्या भाषेत हसण्याला जी नावं आहेत, ती चेहऱ्याच्या बाबतीत बरीच नेमकी आहेत. त्यांचा वापर करा, काम सोपं होतं:

गालातल्या गालात हसणं: कोपरे वर, पण ओठ मिटलेले आणि किंचित दाबलेले. हसू आहे आणि ते आवरण्याचा प्रयत्नही आहे.

कुत्सित हसू: एकाच बाजूचा कोपरा आत खेचून घट्ट केलेला, तिथे छोटी खळी. हे काम गालाच्या भिंतीतला स्नायू करतो, क्रमांक १४. कोपरा वर जातोच असं नाही, तो आत दबतो.

कसनुसं हसू: कोपरे वर न जाता बाजूला ताणले जातात किंवा खाली ओढले जातात, आणि भुवयांची आतली टोकं वर चढलेली. तोंड एक सांगतं, कपाळ दुसरं.

ओशाळवाणं हसू: याला क्रम असतो. आधी नजर खाली, मग दाबून धरलेलं हसू, मग मान वळते, कधी हात चेहऱ्याकडे जातो.

प्रमुखांच्या फोटोंवर ही नावं लिहून काढा. ‘हसू बरं नाही’ एवढं म्हटल्याने काही सुधारता येत नाही. ‘इथे कसनुसं, इथे कुत्सित’ असं कळलं की कोणता स्नायू सैल सोडायचा ते समजतं.

एका कोपऱ्याबद्दल सावध राहा. कुणाचाच चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो. शांत, न हसणाऱ्या चेहऱ्याचा समोरून फोटो घ्या. तिथेही तोच कोपरा वर असेल तर ती ठेवण आहे, तोरा नव्हे. (ही असमानता नेहमीची नसून अचानक आली असेल, एक बाजू लोंबत असेल, तर फोटोचा विचार सोडा आणि लगेच रुग्णालय गाठा. पक्षाघाताचं ते लक्षण असू शकतं.)

---

तिसरा डोळा

छायाचित्राचं सांगतो. मुखवाचक यांनी धरून ठेवलेल्या हसण्याबद्दल लिहिलं ते शंभर टक्के खरं आहे, आणि त्यात दोष बसणाऱ्याचा नसतो, टिपणाऱ्याचा असतो.

अंतर आणि भिंग: पूर्ण आकाराच्या (फुल-फ्रेम) सेन्सरवर ८५ ते १०५ मिमीचं भिंग, व्यक्तीपासून सुमारे दोन मीटर. मोबाइल असेल तर दुपटीचं किंवा तिपटीचं भिंग निवडा आणि मागे सरका. हातभर अंतरावरून नाक फुगतं, कान मागे जातात, आणि हसताना मधला भाग आणखी पुढे आल्यासारखा दिसतो.

प्रकाश: मुख्य दिवा डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडा वर आणि ३० ते ४५ अंश बाजूला. छतावरच्या दिव्यांखाली डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. मग डोळे कितीही हसले तरी फोटोत नुसतं तोंड हसताना दिसतं. दिवा फार प्रखर असेल तर पापण्या आवळल्या जातात. ते डोळे किलकिले करणं असतं, पण घाईत ‘डोळे हसले’ म्हणून निवडलं जातं. फरक सोपा आहे: डोळे किलकिले करण्यात गाल वर येत नाहीत.

वेग: १/२०० सेकंद किंवा त्याहून जलद, आणि सेकंदाला किमान पाच चित्रं. हसू चढताना, शिखराच्या अगदी आधी जो क्षण असतो तो बोटाने पकडता येत नाही, मालिकेतूनच निवडावा लागतो.

बसवण्याची पद्धत: ४० मिनिटं मागून घ्या. पहिली दहा मिनिटं जातील असं धरून चला. ‘हसा’ म्हणू नका. ‘चीज’ तर म्हणूच नका. ‘ई’ म्हणताना ओठ आडवे ताणले जातात, वर जात नाहीत, आणि खालचे दात दिसायला लागतात. त्याऐवजी असं करा:

– जबडा सैल, वरचे-खालचे दात दोन-तीन मिलिमीटर सुटे. दात घट्ट मिटले की कानाजवळचा स्नायू फुगतो आणि हसण्यात राग दिसतो.
– मान बाजूला वळवून डोळे मिटायला सांगा, एक लांब श्वास सोडायला सांगा, मग भिंगाकडे वळायला सांगा. वळल्यानंतरच्या पहिल्या सेकंदातली चित्रं ठेवा.
– कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी प्रमुखांच्या ओळखीची, त्यांना आवडणारी व्यक्ती उभी करा आणि तिच्याशी बोलू द्या. त्यांना ज्या कामाचा अभिमान आहे त्याबद्दल प्रश्न विचारायचा. उत्तर संपतं तिथे हसू येतं, ते घ्या.
– कोणतंही हसू तीन सेकंदांपेक्षा जास्त धरायला लावू नका. खाली घ्या, पुन्हा चढू द्या.

निवड करताना आधी तोंड हाताने झाका: नुसते डोळे बघून माणूस आनंदी वाटतो का? मग डोळे झाकून तोंड बघा. दोन्ही अर्धे एकच सांगत असतील तर तो फोटो पुढे जाऊ द्या. त्यानंतर फोटो १०० पिक्सेल रुंदीचा करून बघा, कारण बहुतेक लोकांना तो तेवढाच दिसणार आहे. त्या आकारात सुरकुत्या नाहीशा होतात, फक्त ओठांची रेषा उरते. गालातल्या गालात हसणं मोठ्या फोटोत लोभस असतं, पण छोट्यात ते निर्विकार दिसतं.

अंतिम निवड प्रमुखांवर एकट्यांवर सोडू नका. माणसाला स्वतःचा आरशातला चेहरा ओळखीचा असतो. स्वतःची उलटी प्रतिमा आपल्याला आवडते आणि आपल्या मित्रांना सरळ, हे १९७७ मध्येच तपासून झालेलं आहे. त्यांना न ओळखणाऱ्या पाच-सात जणांना तीन फोटो दाखवा आणि प्रत्येकाबद्दल एकच शब्द मागा. ‘आवडला का?’ विचारलं की सगळे हो म्हणतात.

आणि कृपा करून कातडी गुळगुळीत करणारी फिल्टरं बंद ठेवा. डोळ्यांच्या कडेच्या रेषा आणि खालच्या पापणीचा फुगवटा, याच दोन गोष्टी ती सगळ्यांत आधी पुसतात. चांगलं हसू टिपायचं आणि मग त्यातली हसण्याची खूणच काढून टाकायची, हे मी इतक्या अहवालांत बघतो की वाईट वाटतं. दात उजळायचेच असतील तर डोळ्यांच्या पांढऱ्या भागापेक्षा पांढरे होऊ देऊ नका. सुरकुत्या घालवणारी इंजेक्शनंही डोळ्याभोवतीच्या स्नायूला सैल करतात. ती घेणार असतील तर फोटो आधी काढा.

---

लोकमत_अभ्यासक

दातांचं उत्तर ‘काय दाखवायचं आहे’ यावर ठरतं.

अनोळखी चेहरा बघून लोक सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात विश्वासूपणाबद्दल मत बनवतात (विलिस आणि टोडोरोव्ह, २००६). जास्त वेळ दिला तर मत फारसं बदलत नाही, फक्त खात्री वाढते. आणि त्या मताचे दोन कप्पे असतात: हा माणूस आपुलकीचा आहे का, आणि हा कामाचा आहे का. हसू पहिला कप्पा भरतं. पण २०१७ च्या एका अभ्यासात दिसलं की दात दाखवून तोंडभर हसल्याने आपुलकी वाढते आणि कर्तबगारीचा अंदाज थोडा घटतो. म्हणजे देणगीदारांना, विद्यार्थ्यांना, रुग्णांना आवाहन करायचं असेल तर मोकळं हसू. हिशेब, जोखीम, शस्त्रक्रिया, कायदा असा विषय असेल तर मंद स्मित.

बघणारा कुठला आहे हेही धरा. ४४ संस्कृतींतल्या २०१६ च्या तुलनेत काही ठिकाणी हसरा माणूस जास्त हुशार समजला गेला, काही ठिकाणी कमी. जिथे भ्रष्टाचार जास्त, तिथे हसऱ्या माणसाच्या प्रामाणिकपणावरचा भरवसाही घटलेला दिसला. देशोदेशींच्या नेत्यांच्या अधिकृत फोटोंतही असाच फरक सापडतो: जिथल्या लोकांना उत्साह मोलाचा वाटतो तिथले नेते दात दाखवून हसतात, जिथे शांतपणा मोलाचा तिथले मिटल्या ओठांनी. जपानी बघणारा डोळ्यांवरून भाव ओळखतो आणि अमेरिकी तोंडावरून, हे २००७ च्या अभ्यासात आलं. दोन्हींकडच्या टंकित हसऱ्या चेहऱ्यांतही (इमोटिकॉन) तोच फरक दिसतो.

‘सगळीकडे चालेल असं एक हसू’ शोधण्यात वेळ घालवू नका.

---

शब्दांकित

सगळ्यांचे आभार. न हसणारा फोटो तपासला: डावा कोपरा तिथेही वर आहे, म्हणजे ठेवणच आहे. मग मिटल्या ओठांचं हसू टाळावं का? आणि पत्रकार परिषदेबद्दल कुणी सांगेल का? माझी खरी धास्ती तीच आहे.

---

मुखवाचक

हो, या चेहऱ्यासाठी मिटलेले ओठ टाळा. ओठ मिटून दाबले की कोपऱ्यांतला फरक वाढतो. थोडे उघडले की वरचे दात लक्ष वेधतात आणि फरक बुजतो. शिवाय चेहरा किंचित वळवून चढा कोपरा कॅमेऱ्यापासून लांबच्या बाजूला ठेवा. दहा अंश पुरतात.

---

ध्वनिक्षेपक

पत्रकार परिषदेची तयारी करून घेणं हेच माझं काम आहे, म्हणून इथे जरा लांबण लावतो.

आधी हे समजून घ्या की दडपणातलं हसू म्हणजे बेफिकिरी नव्हे. समोरचा दुखावणार आहे हे ठाऊक असताना माणूस नकळत नमतं घेतो आणि त्या नमतं घेण्याचं एक रूप म्हणजे हसू. हे प्रमुखांना स्पष्ट सांगा, कारण लाज वाटली की ते ओठ दाबून हसू आवरायला जातील. तीच सगळ्यांत मोठी चूक. कोपरे वर ओढले जात असताना ओठ दाबले की वर मुखवाचक यांनी सांगितलेला १४ क्रमांक तयार होतो. नोकरी जाणाऱ्या माणसाला ते कुत्सित हसू दिसणार, आणि त्यांच्या बाबतीत तर एक कोपरा आधीच वर आहे.

म्हणून दाबायचं नाही, सैल सोडायचं. बोलायला सुरुवात करण्याआधी जीभ टाळूवरून खाली, दात सुटे, आणि चार-पाच सेकंदांचा एक श्वास बाहेर. जबडा सैल असताना कोपरे वर ठेवणं अवघड जातं. आत जाताना ओळखीचे पत्रकार दिसले तर मान झुकवून नमस्कार, हसू नाही. पहिल्या ३० सेकंदांत बातमी सांगा. स्वागत, आभार, प्रस्तावना यांनी सुरुवात केली की त्या शब्दांबरोबर सवयीचं हसू येतं आणि मग ते बातमीच्या वाक्यावर सांडतं. मजकूरच असा लिहा की हसायला जागा राहणार नाही.

प्रश्नांच्या वेळी धोका वेगळा. टोकदार प्रश्न सुरू असताना ऐकणारा हसला तर तो ‘तुझ्या प्रश्नाला किंमत नाही’ असं म्हणतो, निदान पडद्यावर तरी. ११ ऑक्टोबर २०१२ ला अमेरिकेतल्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवारांच्या वादविवादात पॉल रायन बोलत असताना जो बायडन हसत राहिले. पडदा दुभागलेला होता, त्यामुळे प्रत्येक हसू दिसलं, आणि दुसऱ्या दिवशी मुद्द्यांइतकीच चर्चा त्या हसण्याची झाली. ऐकतानाचा चेहरा वेगळा शिकवावा लागतो: नजर विचारणाऱ्याकडे, तोंड सैल, भुवया स्थिर, प्रश्न संपल्यावर एक श्वास, मग उत्तर.

याहून मोठा धडा म्हणजे जर्मनीतला १७ जुलै २०२१ चा प्रसंग. पुराने माणसं दगावली होती. एर्फ्टश्टाट इथे राष्ट्राध्यक्ष श्टाइनमायर शोक व्यक्त करत होते आणि मागे उभे असलेले आर्मिन लाशेट, म्हणजे चॅन्सलरपदाचे उमेदवार, शेजारच्यांशी बोलताना हसले. काही सेकंदांचंच चित्रण. त्यांनी त्याच दिवशी माफी मागितली, पण चित्र पुसलं गेलं नाही. सप्टेंबरमध्ये त्यांचा पक्ष हरला. कारणं अनेक होती, तरी त्या प्रचाराची आठवण काढताना लोक ते हसूच काढतात. ते हसू खोटं नव्हतं, हे लक्षात घ्या. बहुधा अगदी खरं होतं. म्हणून मला ‘खरं की खोटं’ या प्रश्नापेक्षा ‘इथे, यावेळी, यांच्यासमोर’ हा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. लोक हसण्यातून आनंद मोजत नाहीत. आपलं दुःख या माणसापर्यंत पोहोचलं का, ते बघतात.

चौकट किती फसवू शकते याचं उदाहरणही हवं. १० डिसेंबर २०१३ ला नेल्सन मंडेला यांच्या स्मरणसभेत ओबामा, ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान कॅमेरून आणि डेन्मार्कच्या तेव्हाच्या पंतप्रधान हसत स्वतःचा फोटो काढताना टिपले गेले, शेजारी मिशेल ओबामा गंभीर. जगभर टीका झाली. ज्याने तो फोटो काढला त्याने नंतर लिहिलं की स्टेडियम गाण्या-नाचण्याने भरलेलं होतं आणि काही सेकंद आधी मिशेल स्वतःही त्यांच्याशी हसत बोलत होत्या. एक क्षण उचलला गेला, आजूबाजूचे गळून गेले. यावर उपाय एकच: गंभीर प्रसंगी आवारात पाऊल टाकल्यापासून गाडीचं दार लागेपर्यंत आपण चौकटीत आहोत असं धरायचं. प्रमुखांसोबतच्या सगळ्यांनाही हे सांगा. लाशेट यांच्या बाबतीत बोलणारा वेगळाच होता, हसणारा मागे होता.

सराव असा घ्या. एका सहकाऱ्याने सगळ्यांत बोचरे दहा प्रश्न वाचायचे, प्रमुखांनी उत्तरं द्यायची, मोबाइलवर चित्रण. मग आवाज बंद करून बघा. जिथे जिथे हसू आलं तिथली वेळ लिहा, आणि मग आवाज लावून ते कोणत्या शब्दावर आलं ते शोधा. बहुतेकांचं दोन-तीन ठरावीक ठिकाणी येतं: आकडा विसरल्यावर, स्वतःचं नाव प्रश्नात आल्यावर, किंवा ‘दुर्दैवाने’ हा शब्द उच्चारताना. ते शब्द मजकुरातून बदलून टाका. तीन फेऱ्या पुरतात. पाचव्या फेरीला चेहरा लाकडी होतो.

आणि तरीही तिथे हसू निसटलंच तर? न थांबता पुढे जाऊ नका आणि खुलासाही देऊ नका. ‘माफ करा’ एकदा, दोन सेकंद थांबायचं, आणि तेच वाक्य पहिल्या शब्दापासून पुन्हा म्हणायचं. त्यामुळे वार्ताहराच्या हातात त्या वाक्याचं नीट चित्रणही राहतं.

---

मनोवेध

चौथ्या प्रश्नाबद्दल. हसण्याचा सराव करायचा नाही, ज्यातून हसू येतं त्याचा करायचा.

१९७९ मध्ये क्रॉट आणि जॉनस्टन यांनी चेंडू टाकून खुंट्या पाडणाऱ्या खेळाडूंचं निरीक्षण केलं. चेंडू छान लागला तरी खुंट्यांकडे तोंड असताना लोक फारसे हसत नव्हते. मित्रांकडे वळले की हसत. हसू हे बहुतेक वेळा कुणाला तरी उद्देशून असतं. काचेच्या भिंगाला उद्देशून ते येत नाही यात आश्चर्य नाही. तिसरा डोळा यांनी कॅमेऱ्याशेजारी माणूस उभा करायला सांगितलंय ते याचसाठी. चित्रित संदेशातही तेच करा: भिंगाच्या अगदी वर एका खऱ्या माणसाला बसवा आणि पहिलं वाक्य त्याला सांगू द्या, मग नजर भिंगात.

‘आधी हसा, मग आनंद वाटेल’ हा सल्ला कुणी देईल. १९८८ मध्ये दातांत पेन धरायला लावून केलेला प्रयोग त्याच्या मुळाशी आहे. २०१६ मध्ये १७ प्रयोगशाळांनी तो पुन्हा केला तेव्हा परिणाम दिसला नाही. २०२२ मध्ये १९ देशांतल्या मोठ्या तपासणीत मुद्दाम हसल्याने किंवा हसऱ्या फोटोची नक्कल केल्याने मन थोडंसं खुलतं असं निघालं, पेनाच्या युक्तीचा मात्र ठोस पुरावा मिळाला नाही. परिणाम आहे, पण लहान. त्यावर चित्रणाचा दिवस उभा करू नका.

चित्रित संदेशाच्या मजकुरात हसायच्या दोनच जागा ठेवा: नमस्कार आणि शेवटचे आभार. नमस्काराचं हसू पहिल्या वाक्याच्या शेवटापर्यंत उतरू द्या. शेवटचा शब्द झाल्यावर दोन सेकंद नजर तशीच. संकलकाला सांगा की हसू मध्येच कापू नये. पळती अक्षरं (टेलिप्रॉम्प्टर) वाचताना डोळे गोठतात, म्हणून या दोन्ही जागा पाठ असाव्यात.

---

शब्दांकित

एक जोडप्रश्न. प्रमुखांच्या मनात स्वागतकक्षातल्या आणि दूरध्वनीवरच्या सगळ्यांना ‘सदैव हसतमुख राहावे’ असं परिपत्रक काढायचं आहे. आणि पत्रांत हसऱ्या चेहऱ्याचं चिन्ह घालावं का, असंही ते विचारत होते.

---

मनोवेध

परिपत्रक काढू देऊ नका. आर्ली हॉखशील्ड यांनी १९८३ मध्ये विमानातल्या सेवकवर्गाच्या कामाचा अभ्यास मांडला तेव्हापासून हे ‘भावनांचं श्रम’ म्हणून ओळखलं जातं. आत एक आणि चेहऱ्यावर दुसरं, असं दिवसभर वागणं माणसाला थकवतं; त्यानंतरच्या अभ्यासांत त्याचा संबंध कामातून आलेल्या शिणवट्याशी वारंवार सापडला आहे. शिवाय आलेल्या माणसाला ते ओळखू येतं. तक्रार घेऊन आलेल्याला हसतमुख चेहरा दिसला तर तो जास्तच चिडतो. हुकूम द्यायचाच तर पाळता येईल असा द्या: माणूस समोर आला की हातातलं काम थांबवून त्याच्याकडे बघावं, काय हवं ते विचारावं, किती वेळ लागेल ते सांगावं. कठीण प्रसंगानंतर पाच मिनिटं जागेवरून उठायची मुभा द्या. हसू यायचं तेव्हा येईल.

पत्रातल्या चिन्हाबद्दल: पहिल्याच औपचारिक पत्रात ते नको. २०१८ च्या अभ्यासानुसार त्याने आपुलकी वाढत नाही, लिहिणाऱ्याची कर्तबगारी मात्र कमी वाटते. ओळख झाल्यावर चालतं.

---

तिसरा डोळा

एक राहिलं होतं. त्याच बैठकीत न हसणारा फोटोही काढून घ्या. निर्विकार नको, तो पारपत्रासारखा दिसतो. तोंड सैल, डोळे जागे, ऐकत असल्यासारखा चेहरा. विभाग बंद होण्याची बातमी छापताना संपादक संकेतस्थळावरचाच फोटो उचलणार, आणि मथळ्याशेजारी प्रमुख दात दाखवून हसताना दिसणार. पत्रकार परिषदेच्या निवेदनासोबत गंभीर फोटो जोडून पाठवा, तो बातमी विभागाच्या पानावरही ठेवा, आणि फाइलच्या नावात तारीख व ‘निवेदनासाठी’ हा शब्द घाला. हसरा फोटो त्या आठवड्यापुरता मुख्य पानावरून काढून ठेवा.